बाटलीला चिकटलेला दगड

तुमच्या घरात काचेची अशी एखादी तरी वस्तू असेलच, जी कितीही घासली तरी पांढुरकीच दिसते. फुलदाणी असेल, पाण्याचा जग असेल, नाहीतर माळ्यावरून खाली काढलेली आजीची लोणच्याची बरणी. ओली असते तोवर अगदी लख्ख! जरा वाळली की पुन्हा धुरकट. आई म्हणते, "नीट घासली नाहीस." तुम्ही म्हणता, "घासली गं, हात दुखले माझे!" या भांडणात मी तुमच्या बाजूने आहे. ती घासून निघणारच नव्हती. कारण ती घाण नव्हेच. तो आहे दगड!

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून खाली मुरूड-श्रीवर्धनपर्यंत, जुनी घरं पाडून नवी बांधायचं काम सारखं चालू असतं. घर रिकामं करताना माळ्यावरचं सगळं सामान भंगारवाल्याकडे जातं. त्यात काचेच्या बरण्या, गोटी सोड्याच्या बाटल्या, कंदिलाच्या काचा, जाड बुडाचे पेले असं काय काय असतं. आमच्या वर्गात दरवर्षी मटकी-वाल रुजवून मुळं बघायचा प्रयोग असतो. त्यासाठी मी अशा बरण्या घेऊन येते. स्वस्त पडतात आणि काच जाड असते. पण दहातल्या सात-आठ बरण्यांना आतून पांढरा थर धरलेला असतोच. मुळं दिसायची कशी?

"बाई, त्यात दूध वाळलंय का?" एकाने एकदा विचारलं. प्रश्न छान होता. कारण त्या थराची ओळख पटल्याशिवाय तो काढायचा कसा हे ठरत नाही.

आता जरा मागे जाऊ या. पावसाचा थेंब आकाशातून खाली येतो तेव्हा तो हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात विरघळवून घेतो. जमिनीत मुरताना मातीतला आणखी वायू त्याला मिळतो. असं पाणी किंचित आंबट होतं. किती किंचित? जिभेला कळणारही नाही इतकं. पण दगडाला कळतं! खडकातून झिरपत जाताना ते पाणी त्यातलं थोडं थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. विहिरीतून पोहऱ्याने आपण ते पाणी वर काढतो तेव्हा ते नितळ दिसतं, कारण दगड त्यात पूर्ण विरघळलेला असतो. मग ते पाणी बाटलीत राहतं, हळूहळू सुकतं. पाणी उडून जातं, वायूही उडून जातो; दगड कुठे उडणार? तो काचेवर बसतो. त्याचं नाव कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच आपली चुनखडी. चहाच्या पाण्याच्या भांड्याच्या तळाला जो खरखरीत थर धरतो, तोही हाच. आंध्र प्रदेशातल्या बोरा गुहांमध्ये छतापासून लोंबणारे दगडी खांब आहेत ना, तेही असेच थेंबाथेंबाने झाले आहेत. आणि आपल्या पुळणीवरच्या शिंपल्यासुद्धा याच पदार्थाच्या. शिंपलीतल्या प्राण्याने समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम घेऊन स्वतःचं घर बांधलेलं असतं. पूर्वी कोकणात शिंपल्या भाजूनच चुना करत असत.

तुम्ही म्हणाल, आमच्या विहिरीचं पाणी तर गोड आहे! असू दे. गोडं पाणी म्हणजे खारट नसलेलं पाणी. भर समुद्रातल्या जंजिरा किल्ल्यातही गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. पण गोड्या पाण्यातही चुनखडी विरघळलेली असू शकते. चवीवरून ती नेहमी कळतेच असं नाही. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की किनाऱ्याजवळ काही ठिकाणी पाणी मचूळ लागायला लागतं. समुद्राचं पाणी जमिनीखालून आत शिरतं, आणि मग तर थर आणखी लवकर धरतो.

किती धरतो? चला, गणित करू या. पाणी किती जड आहे हे मोजायला एका लीटरमागे इतके मिलिग्रॅम असं माप असतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ही मात्रा २०० मिलिग्रॅमपर्यंत असलेली बरी. दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आपण २०० धरू. फुलदाणीतून दर आठवड्याला १०० मिलीलीटर पाणी सुकलं, तर वर्षाच्या ५२ आठवड्यांत ५ लीटर २०० मिलीलीटर पाणी सुकेल. म्हणजे वर्षाला साधारण १ ग्रॅम दगड! १ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तो काचेवर पातळ पसरतो. आणि अशी वीस वर्षं गेली असतील तर?

आता हा दगड काढायचा कसा ते बघू. एक गोष्ट आधी सांगते, आणि ती मोठ्यांनीही ऐकावी. भंगारातून आणलेल्या बाटलीत पूर्वी काय होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. फिनेल, कीटकनाशक, औषध, काहीही असू शकतं. वास येत असेल किंवा वेगळा रंग चिकटला असेल तर ती बाटली परत भंगारात. स्वच्छ दिसणारी असली तरी तिच्यात खायचे पदार्थ ठेवू नका. आपल्या घरच्याच माळ्यावरची लोणच्याची बरणी असेल तर गोष्ट वेगळी.

पहिली पायरी साधी आहे. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. समुद्राजवळ राहणाऱ्यांना माहीत आहे की वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि खिडकीच्या काचांवर पांढरे डाग पडतात. ते मीठ असतं आणि मीठ पाण्यातच जातं. सकाळी काच पुसून कोरडी करा. डाग गेला तर काम संपलं, उगाच पुढे जाऊ नका.

नाही गेला? मग व्हिनेगर आणा. चायनीजच्या गाडीवर हिरव्या मिरच्या ज्यात बुडवलेल्या असतात ना, तेच. किराणा दुकानात मिळणाऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. एक थेंब डागावर टाका आणि भिंगातून बघा. बारीक बारीक बुडबुडे येतात का? आले तर ओळख पटली! आम्ल आणि चुनखडी भेटले की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ज्या वायूमुळे तो दगड आधी पाण्यात विरघळला होता, तोच वायू आता पुन्हा मोकळा झाला. खात्री करायची असेल तर पुळणीवरची एक रिकामी शिंपली वाटीभर व्हिनेगरमध्ये टाका. तीही तशीच फसफसेल.

मग बाटलीत व्हिनेगर ओता आणि ठेवून द्या. एका रात्रीत बराचसा थर सुटतो. खूप जुना असेल तर व्हिनेगर बदलून दोन-तीन रात्री लागतात. आपल्या त्या १ ग्रॅम थरासाठी हिशेबाने साधारण ३० मिलीलीटर, म्हणजे दोन मोठे चमचे व्हिनेगर पुरतं. प्रत्यक्षात दुप्पट घ्या. थर बाटलीभर पसरलेला असेल तर तेवढंच व्हिनेगर आत घेऊन बाटली आडवी ठेवा आणि अधूनमधून फिरवा. बाहेरच्या बाजूला किंवा काठाला कडं धरलं असेल तर जुन्या धोतराची चिंधी व्हिनेगरमध्ये भिजवून त्याभोवती गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा, म्हणजे चिंधी सुकणार नाही.

बाटलीला बूच मात्र लावायचं नाही हं! १ ग्रॅम चुनखडीतून साधारण पाव लीटर वायू निघतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी.

"बाई, चिंच चालेल का? आमची आजी देवाची भांडी चिंचेने घासते." हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. चिंचही आंबट, आमसूलही आंबट, लिंबूही आंबट, मग व्हिनेगरच का? आजीचं बरोबर आहे, पण ते तांब्या-पितळेसाठी. तिथे चिंच धातूवरचा काळपट थर काढते. काचेवरच्या चुनखडीची गोष्ट निराळी. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. चुनखडीशी त्याचा संयोग झाला की जो नवा क्षार तयार होतो, तो पाण्यात फारच थोडा विरघळतो. एक पांढरं काढायला जावं तर दुसरं पांढरं तयार! कोकणातल्या परसातलं बिंबल त्याहून आंबट, पण त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाचा कॅल्शियम क्षार तर विरघळायचं नावच घेत नाही. व्हिनेगरचा क्षार मात्र पाण्यात सहज विरघळतो आणि धुऊन जातो. लिंबूसत्त्वही चालतं, स्वस्तही पडतं. एक पेला पाण्यात एक चमचा पुरे. पण ते पाणी उकळू नका, कारण लिंबूसत्त्वाचा कॅल्शियम क्षार गरम पाण्यात उलट कमी विरघळतो आणि पुन्हा काचेवर बसतो. कोकमाचं आगळ सोलकढीसाठीच राहू द्या.

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाका, असंही पुष्कळजण सांगतात. फेस काय जोरात येतो! बघायला मजा आहे, मीही मुलांना करून दाखवते. पण सोडा आम्लाला मारतो आणि आम्ल सोड्याला. फेस ओसरल्यावर उरतं ते जवळजवळ खारं पाणी, आणि थर जिथल्या तिथे. सोडा वापरायचाच असेल तर नंतर, वेगळा, ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने.

अरुंद तोंडाच्या बाटलीचं काय? गोटी सोड्याची बाटली तर सगळ्यांत कठीण. मान मध्येच चिमटलेली, वर अडकलेली गोटी. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं तेव्हा ती घरी घासायची वेळ येईल असं त्याच्या मनातही आलं नसणार! तिथे मूठभर तांदूळ कामाला येतात. व्हिनेगरमध्ये थर मऊ झाला, फसफस पूर्ण थांबली, की ते ओतून टाका. मग तांदूळ आणि थोडं साबणाचं पाणी घालून तोंडावर तळहात धरून बाटली गोल गोल फिरवा. काही घरांत यासाठी अंड्याची कवचं चुरून टाकतात. तीही चालतात, पण व्हिनेगरबरोबर नको. का बरं? कवचही चुनखडीचंच! व्हिनेगर थर सोडून कवच खात बसेल.

वाळू मात्र घालू नका. पूर्वी भांडी राखेने, वाळूने घासत, हे खरं. पण ती पितळेची आणि लोखंडाची. १८१२ साली फ्रीड्रिश मोझ नावाच्या शास्त्रज्ञाने खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा आकड्यांत मांडला. आपलं नख त्यात साधारण अडीच, चुनखडीचं खनिज ३, काच साधारण साडेपाच आणि गारगोटी ७. जो जास्त कठीण तो दुसऱ्याला ओरखडतो. म्हणजे अंड्याचं कवच काचेला इजा करू शकत नाही, पण वाळूतली गारगोटी करते. शिवाय आमच्या किनाऱ्यावरची काळपट वाळू ज्या खडकापासून झाली, त्या खडकातले कणही काचेच्या बरोबरीचे किंवा जरा जास्तच कठीण असतात. वाळूने थर निघेल, पण हजारो बारीक ओरखडे उमटतील आणि मग प्रत्येक ओरखड्यात नवा थर धरेल. तारेची घासणीही त्याच कारणासाठी नको.

कढत पाणीही नको. जाड जुन्या काचेत कढत पाणी ओतलं की आतली बाजू एकदम प्रसरण पावते, बाहेरची गारच असते. त्या ओढाताणीत बाटली तडकते.

आता पालकांसाठी दोन शब्द. बाजारात संडास-बाथरूम साफ करायचं तीव्र ॲसिड मिळतं. "एका मिनिटात निघेल" म्हणून कोणी ते सुचवील. निघेलही. पण त्याच्या वाफेने छातीत जळजळ होते, थेंब डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. एका बरणीपायी हा धोका कशाला? आणि ते ॲसिडच काय, आपलं साधं व्हिनेगरसुद्धा कपडे पांढरे करायच्या ब्लीचच्या द्रावणात कधीही मिसळू देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. बंद न्हाणीघरात तो थोडासुद्धा भयंकर. आणखी एक. हाताला जड लागणारी, पैलू पाडलेली झगमगीत 'क्रिस्टल' काच असेल तर तिच्यात शिसं असू शकतं. जुन्या पेल्यांवरच्या रंगीत नक्षीतही असतं. अशा वस्तू आम्लात भिजत ठेवू नयेत आणि त्यांतून खाऊपिऊही नये. शोभेच्या कपाटात त्या छान दिसतात.

थर सुटला की बाटलीच्या तळाकडे जरूर बघा. चुनखडीखाली पुष्कळदा उठावाची अक्षरं दडलेली असतात. कारखान्याचं नाव, एखादा आकडा, एखादं चिन्ह. आपल्या महाराष्ट्रात काच करायला सुरुवात झाली तीही मोठी गंमतीची गोष्ट आहे. अंताजी दामोदर काळे नावाचे एक गृहस्थ गावोगाव फिरून माणशी एक पैसा गोळा करत होते, देशी उद्योग उभारायला. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि त्या पैशापैशाच्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. परदेशात काच बनवायला शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवत. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्याच्यामुळे त्या गावाचं नावच पडलं ओगलेवाडी! त्यांचा 'प्रभाकर' कंदील तुमच्या पणजोबांच्या ओटीवर टांगलेला असण्याची बरीच शक्यता आहे. एका पांढऱ्या थरापायी अशी एखादी वस्तू भट्टीत वितळायला जावी, हे मला तरी पटत नाही. म्हणून घर आवरताना माळ्यावरचं पोतं भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघायला मोठ्यांना सांगा.

सगळं केलं, तीन रात्री झाल्या, तरी काच धुरकटच! असंही होतं. तेव्हा बोट फिरवून बघा. थर असेल तर खरखर लागते. काहीच लागत नाही आणि तरी धूसर दिसते, म्हणजे वर काही बसलेलं नाही. काचच झिजली आहे. काच तयार करताना वाळूबरोबर सोडा आणि चुनखडी वितळवतात. (हो, चुनखडी काचेच्या पोटातही आहे!) ओलावा वर्षानुवर्षं काचेला चिकटून राहिला की त्यातला सोडा हळूहळू झिरपून बाहेर येतो आणि पृष्ठभाग बारीक खड्ड्यांनी भरतो. कडक साबणानेही तेच होतं. तपासायचं असेल तर खोबरेल तेलाचं बोट लावा. खड्डे तेलाने भरतात आणि तेवढी जागा लख्ख दिसते. तेल पुसलं, साबणाने धुतलं की पुन्हा धूसर. हा आजार व्हिनेगरने जात नाही, घरगुती कशानेच जात नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात काही विक्रेते आतून तेलाचा हात फिरवून अशा बाटल्या नव्यासारख्या करून विकतात. म्हणून ओली किंवा तेलकट बाटली विकत घेऊ नका. आधी पुसून कोरडी करून दाखवा म्हणावं. आमच्या वर्गात अशा तीन बाटल्या आहेत. दोघींत मनीप्लांट लावलाय आणि तिसरीत शिंपल्या ठेवल्यात.

साफ झालेल्या बाटलीला पुन्हा थर धरू नये म्हणून धुतल्याबरोबर ती फडक्याने कोरडी करायची, उन्हात निथळत ठेवायची नाही. आणि आपल्याकडे तर पावसाळ्यात फुकटचा उपाय आहे: पागोळ्यांचं पाणी! ते खडकातून आलेलं नसतं, म्हणून त्यात दगड जवळजवळ नसतोच. पहिल्या आठ-पंधरा दिवसांच्या पावसात कौलांवरची धूळ धुऊन जाऊ द्या, मग बादली लावा. शेवटचा हात त्या पाण्याचा दिला की काचेवर डाग उरत नाही.

तुमच्या पुस्तकात 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी असे शब्द आहेत ना? जुलै महिन्यात करून बघा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत अर्धी विहिरीचं पाणी, दुसरीत अर्धी पागोळीचं. दोन्हींत साध्या साबणाचा चण्याएवढा तुकडा टाका, बूच लावा आणि वीस वेळा हलवा. मग पट्टीने फेस मोजा आणि वहीत लिहून ठेवा. तोच प्रयोग त्याच विहिरीच्या पाण्यावर पुन्हा मे महिन्यात करा.